बसलेले दहा श्रोते

विजिषाने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दोनशेहून अधिक भाषणे ऐकली होती आणि स्वतः एकही केले नव्हते. यातली पहिली गोष्ट आमच्याकडे असाधारण नाही. केरळातल्या पय्यन्नूरच्या अलीकडे, रेल्वे फाटकाला लागून असलेल्या आमच्या वस्तीत बसथांबा एक, दवाखाना दिवसाआड आणि वाचनालये तीन. प्रत्येक वाचनालयाचा वर्धापनदिन, प्रत्येक थोर पुरुषाची जयंती, मग पुण्यतिथी. आणि प्रत्येक प्रसंगी व्यासपीठावर बारा-तेरा खुर्च्या. ज्या समाजात प्रत्येकाला बोलण्याचा हक्क मिळाला आहे, तिथे ऐकण्याचे कर्तव्य कोणावर टाकायचे, हा प्रश्न राज्यशास्त्राने अद्याप सोडवलेला नाही. आमच्या वस्तीने तो सोडवला होता. ते विजिषावर टाकले होते.

तिची आई वाचनालयाच्या महिला समितीत असल्यामुळे पोर लहानपणापासून दुसऱ्या रांगेत बसवली जाई. ती उठून जात नसे, जांभई ओठांआड गिळत असे, आणि वक्त्याने खाली पाहिले की मान हलवीत असे. या मान हलवण्याची कीर्ती तालुक्यात पसरली होती. पलीकडच्या गावचे लोक तिच्या आईला विचारत, "रविवारी मुलगी मोकळी आहे का हो? आमच्याकडे परिसंवाद आहे."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ‘संस्कृतिसमीक्षा आणि वक्तृत्व’ हा विषय आला, तेव्हा हा आपलाच विषय, असे तिला वाटणे साहजिक होते. तो शिकवणाऱ्या लतिका टीचर मात्र कडक बाई. दहा भाषणे ऐकून दहा प्रतिसाद लिहायचे, अशी त्यांची अट होती.

विजिषाने पहिला प्रतिसाद लिहिला: भाषणाचा सुबक सारांश. टीचरांनी तो परत केला. ‘मोळे’, म्हणजे पोरी, हा त्यांचा एकच मऊ शब्द.

"हे वक्त्याला माहीत आहे, मोळे. तो म्हणालाच आहे ते. तुला काय झालं?"

"मला? मला काही नाही झालं, टीचर."

"मग तेच लिही. कितव्या मिनिटाला काही झालं नाही, तेही लिही."

ही मुभा मिळाल्यावर त्या मुलीच्या हातून जे बाहेर पडले, त्याची तिच्या मान हलवण्यावरून कोणाला कल्पना आली नसती. आमचे मुख्य वक्ते म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक अच्युतन माश. माश म्हणजे मास्तर. पण एकदा माश झालेला माणूस निवृत्तीनंतरच खऱ्या अर्थाने शिकवू लागतो. मिक्सर घरात आला आणि संस्कृती गेली, हे त्यांचे भाषण सर्वत्र ख्यात होते: पूर्वी बायका रगड्याभोवती बसून वाटण वाटत, सुखदुःख बोलत, आता बटण दाबले की बोलणे संपते. यावर विजिषाचा चौथा प्रतिसाद असा: "अकराव्या मिनिटापर्यंत मला वाईट वाटले. मग लक्षात आले की वाटत होत्या त्या बायका, आणि हळहळतात ते माश. घरी आईला विचारले. ती म्हणाली, हात मोकळे असले तर मी जास्त बोलते. हे खरे आहे."

टीचरांनी समासात लिहिले, "आता झालं." आणि शेवटची अट सांगितली: प्रत्येकाने एकदा स्वतः जाहीर सभेत बोलायचे, आणि भाषण संपताना समोर किमान दहा श्रोते बसलेले हवेत. नातेवाईक धरायचे नाहीत. माइकवाला धरायचा नाही. व्यासपीठावरचे तर मुळीच नाहीत. हे जमले नाही, तर विषय राहिला, आणि विषय राहिला तर वर्ष गेले.

"टीचर, बसलेलेच का? उभे का नाही चालणार?"

"उभा माणूस निघालेला असतो."

वाचनालयाचे सेक्रेटरी पवित्रन, सगळ्यांचे एट्टन म्हणजे दादा, यांच्याकडे विजिषा गेली, तेव्हा ते वर्धापनदिनाची पत्रिका छापायला देत होते. स्वागत, अध्यक्ष, उद्घाटन, मुख्य भाषण आणि पुढे शुभेच्छा देणारे आठ जण.

"तू बोलणार? तू? अगं, मग ऐकणार कोण?"

"पवित्रनेट्टा, वर्ष जाईल माझं."

"आभार तेवढे शिल्लक आहेत."

"आभाराला कोण थांबतं? मागच्या वेळी आभार मानताना तुम्ही स्वतः तंबूची दोरी सोडत होतात!"

"घे, नाहीतर तेही जाईल. दूध सोसायटीवाल्यांनी विचारून ठेवलंय."

आमच्याकडे आभाराला एक घटनात्मक स्थान आहे, ते येथे सांगितले पाहिजे. आभार मानले गेले की सभा संपते. त्यानंतर कोणी कितीही मोठा असला, तरी त्याला बोलता येत नाही. आभार मानणाऱ्याच्या हाती असा मोठा अधिकार असतो, आणि तो वापरताना समोर कोणी नसते.

वर्धापनदिनी दुपारी तीनला सभा सुरू झाली. समोर साठ माणसे होती. मुख्य भाषणात अच्युतन माशांनी मिक्सर आणला तेव्हा पंचेचाळीस उरली. पहिल्या शुभेच्छेच्या सुमारास मागच्या शेडमधून केळ्याच्या भज्यांचा वास आला आणि लोकशाहीचा पाया हलला. साडेपाचला आठवी शुभेच्छा संपली, तेव्हा समोर विजिषाची आई, माइकवाला राजीवन आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या कल्याणीयम्मा एवढेच होते. कल्याणीयम्मांना पायाला मुंग्या आल्यामुळे उठता आले नव्हते. शेवटच्या बाकावर लतिका टीचर घड्याळ लावून बसल्या होत्या. त्या स्वतःला मोजत नव्हत्या. शुभेच्छा देणारे आठही जण मात्र व्यासपीठावर ठाम होते, कारण पवित्रन अनुभवी माणूस. सत्काराच्या शाली ते आभारानंतरच वाटत.

विजिषा माइकपुढे उभी राहिली. आभाराचा कागद हातात होता. मागून टीचरांनी एक बोट वर केले: एक.

आई ओठांनी म्हणाली, "बोल."

विजिषाने कागद घडी करून ठेवला आणि दुपारभर मांडीवर धरलेली प्रतिसादांची वही उघडली.

"मी," ती म्हणाली, आणि आवाज इतका मोठा आला की ती दचकली. "मी आज सगळ्यांची भाषणं ऐकली. ऐकताना मला काय काय झालं, ते लिहिलंय. ते वाचते. पहिले होमिओपॅथीचे डॉक्टर."

व्यासपीठावर डॉक्टर ताठ झाले. पण कर्ण्यांची तोंडे श्रोत्यांकडे असतात. व्यासपीठावर मागे बसणाऱ्याला फक्त घुमणे ऐकू येते. आमच्या वक्त्यांनी एकमेकांची भाषणे आजवर ऐकलेलीच नाहीत, याचे एक कारण हेही असावे.

"काय म्हणाली? माझं नाव घेतलं ना?"

"घेतलं. पुढचं कळलं नाही," दूध सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले.

डॉक्टर पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत बसले.

"डॉक्टर म्हणाले, मी बोलायला आलोच नाही. माझा विश्वास बसला. पुढची बारा मिनिटं मला फसवल्यासारखं वाटलं."

कल्याणीयम्मा खळखळून हसल्या. व्यासपीठावर चुळबूळ झाली. हसू ऐकू येते आणि कारण ऐकू येत नाही, ही अवस्था सार्वजनिक जीवनातल्या माणसाला असह्य असते. दूध सोसायटीचे अध्यक्ष उतरले.

"सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, माशांनी सगळं सांगितलंय, मला सांगण्यासारखं उरलं नाही. मग सगळं सांगितलं. पंचायत मेंबर सुहराबी चारच मिनिटं बोलल्या, कारण त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. प्रत्येक वक्त्याला नवरा असावा, असं मला वाटलं."

"अगं बाई!" सुहराबी पदराआड हसत खाली आल्या. "आता घरी सांगते त्याला, तुझा सत्कार झाला म्हणून."

एकेक करून आठही जण उतरले. उद्घाटक दिवा लावूनच निघून गेले होते. नियमाप्रमाणे सभेच्या अध्यक्षांनी वरच बसायचे, म्हणून ते बसले. आणि अच्युतन माश बसले, हाताची घडी घालून. टीचरांची बोटे नऊ झाली.

"माश, खाली या, ऐकू येईल," पायऱ्यांशी उभे असलेले पवित्रन म्हणाले.

"मुख्य वक्ता खाली बसत नसतो."

"आता अच्युतन माश," विजिषा म्हणाली आणि पान उलटले.

माश उठले. "पंखा खाली आहे म्हणून येतोय," असे त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, कमरेचा मुंडू सावरला आणि डॉक्टरांशेजारी बसले.

दहा.

आता एकच वाक्य पुरे होते. भाषण छान झाले, धन्यवाद. वर्ष वाचले असते. तिने वहीकडे पाहिले, टीचरांच्या दहा बोटांकडे पाहिले, आणि जे लिहिले होते ते वाचले.

"विसाव्या मिनिटाला मला झोप लागली."

माश उभे राहिले.

"माश, बसा!" टीचर मागून जवळजवळ ओरडल्या, आणि मग त्यांनाच तटस्थता मोडल्याची लाज वाटली.

"का बसू? ही पोरगी चारचौघांत सांगते, झोप लागली!"

"आम्हालाही लागली होती, माश," डॉक्टर म्हणाले. "बसा तुम्ही. तिचं वर्ष जाईल."

"हिचं वर्ष आणि माझी चाळीस वर्षं?"

विजिषाचा आवाज बारीक झाला, पण वाचणे थांबले नाही. "मग माश म्हणाले, माझी आई रगड्याशी बसायची. तेव्हा मी जागी झाले. ते म्हणाले, शाळेत माझी भाषणं व्हायची, पण आईनं एकही ऐकलं नाही, कारण सभेच्या चहाबरोबरचे वडे तिच्याकडे असायचे आणि ती मागे डाळ वाटत असायची. एवढं बोलून माश पुन्हा संस्कृतीकडे गेले. मला आईबद्दल आणखी ऐकायचं होतं. म्हणून मग मी झोपले नाही. वाट बघत राहिले."

माशांनी खुर्चीची पाठ धरली. मग बसले.

टीचरांनी घड्याळ बंद केले आणि दोन्ही हात खाली घेतले. झाले होते.

पवित्रन शालींचा गठ्ठा घेऊन पुढे झाले. "शाब्बास, मोळे. आता आभार मान आणि सोड आम्हाला."

"थांब!" माश म्हणाले. "आभार मानायचे नाहीत. मला उत्तर द्यायचंय."

"मलाही," डॉक्टर म्हणाले. "फसवल्यासारखं म्हणजे काय?"

"माझा एक खुलासा आहे," दूध सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले.

बघता बघता माइकपुढे रांग लागली. पवित्रन कळवळले. "पोरी, अजून मानले नाहीस ना? एक शब्द टाक! तू म्हणालीस की संपलं, मग यांना देवही बोलू देणार नाही. साडेसहाला तंबूवाला येतोय."

विजिषाने रांगेकडे पाहिले. तिला त्या प्रत्येकाची मिनिटे पाठ होती. आपण बोललो आणि लोक बसले. हे ऋण असेल किंवा नुसती सवय, पण तो शब्द तिच्या तोंडून निघेना. तिने माइक माशांच्या उंचीला वर केला, पायऱ्या उतरली आणि दुसऱ्या रांगेत आईशेजारी जाऊन बसली.

"आईबद्दल, माश," ती म्हणाली.

माशांनी घसा साफ केला. "दोनच शब्द बोलतो," ते म्हणाले, आणि कल्याणीयम्मांनी पाय लांब केले.