राजारामभाऊजींच्या पाट्या

राजारामभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वर्ध्याकडच्या आमच्या गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. जातीवरून मारत, नाहीतर नुसतं ‘ए’. बारा वर्षांचे असताना त्यांनी चुन्यात काडी बुडवून घराच्या दारावर लिहिलं, ‘दशरथ यांचे घर’. दशरथ म्हणजे माझे सासरे. त्याच संध्याकाळी गावातले सात-आठ जण कुऱ्हाडी घेऊन आले. आधी दार फोडलं, मग त्याच दाराच्या फळ्यांनी सासऱ्यांना झोडपलं. म्हणाले, “तुमच्या दाराला नाव कशाला? आम्हाला घर ठाऊक आहे.” मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे गुडघ्यावर हात ठेवून वाकून चालायचे. शेवटपर्यंत तसेच चालले.

दुसरा कुणी असता तर अक्षरांच्या वाटेला परत गेला नसता. हे गेले. माझ्या मालकांना दिल्लीत सरकारी नोकरी लागली आणि त्यांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं. भाऊजींना कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात रंगाऱ्याचं काम मिळालं. भिंती रंगवायच्या आणि खोल्यांवर साहेबांच्या पाट्या काढायच्या. “वहिनी, साहेबांना खुर्चीच्या आधी पाटी लागते,” म्हणून हसायचे. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं लिहिली. अक्षर असं की चुकून बोट लागेल म्हणून माणूस लांबून वाचे.

निवृत्त झाले, बायको गेली, मग आमच्या वरच्या खोलीत राहायला आले. आमची गल्ली मयूर विहारच्या पलीकडे, नाल्याकडेला. बावीस घरं, त्यातली पाच मुसलमानांची. चार वर्षांपूर्वी भोंग्यावरून भांडण झालं, दोघांची डोकी फुटली, तेव्हा अमन कमिटी निघाली. अध्यक्ष विश्वनाथराव, समोरच्या सोसायटीतले. शांतता हा शब्द ते इतक्या मोठ्याने म्हणत की माईक लागत नसे. पण माणूस चांगला. बुद्धपौर्णिमेला आमची खीर, ईदला शेवया, मुलांच्या शर्यती, सगळं त्यांनी सुरू केलं.

अशाच एका जेवणावळीत लक्षात आलं की कुणाला कुणाचं नाव ठाऊक नाही. ‘तीन नंबरवाली’, ‘कुत्र्यावाले’, असाच कारभार. भाऊजी हातातला घास ठेवून उभे राहिले. “मी पाट्या करतो. घरटी एक. आमच्या गल्लीत बावीस आणि मागच्या गल्लीत दहा.”

दोन महिने गच्चीवर पत्रे पसरलेले. चालायला जागा नाही. समोरचे इश्तियाक मास्टर, शिंपी, त्यांना म्हणाले, “हिंदी में ही लिख दो ना, भाईसाहब. डाकिया भी पढ़ लेगा.”

“नहीं मास्टरजी. जिसका नाम, उसके अक्षर.”

म्हणून म्हातारपणी भाऊजी मास्टरांकडून उर्दू शिकले. पहिलीतल्या पोरासारखे बसायचे. अक्षरावरचा ठिपका राहिला की मास्टर लाकडी पट्टी बोटावर मारायचे, “नुक्ता कहाँ गया, जनाब?” पाटी झाली तेव्हा मास्टर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “बहुत दूर से दिखता है.” भाऊजींना ते कौतुक वाटलं. मलाही.

माझे मालक तोवर वारले होते, म्हणून आमच्या दारावर ‘मीराबाई’. माझं नाव दारावर आयुष्यात पहिल्यांदा. मी दिवसातून दोनदा फडकं मारायची, धूळ असो नसो.

गेल्या वर्षी मार्चात आठवडी बाजारात स्कूटर घासण्यावरून मारामारी झाली. बारा वाजता मारामारी आणि तीन वाजता धूर. गुरुग्रामला नोकरीला जाणारी माझी नात लुंबिनी मेट्रोवरून पळत आली. चपला हातात. “आजी, मागच्या गल्लीत ते पाट्या वाचतायत. वाचतात आणि दार तोडतात.”

भाऊजी जेवत होते. “माझ्या पाट्या?” त्यांनी विचारलं.



भाऊजी तसेच उष्ट्या हाताने उठले. पांढऱ्या रंगाचा डबा, रुंद कुंचला, आणि थेट मास्टरांच्या दारात. मी मागून स्टूल घेऊन. चार फटक्यांत मास्टरांचं नाव गेलं. आतून ज़ुबैदाने, मास्टरांच्या बायकोने, फटीतून पाहिलं आणि कडी लावली. भाऊजी पुढच्या मुसलमान घराकडे निघाले, तेव्हा मी त्यांचा सदरा ओढला.

“भाऊजी, थांबा. पाच कोऱ्या आणि सतरा लिहिलेल्या. आंधळ्यालाही कळेल की कोरं घर कुणाचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वळून पहिल्यांदा माझंच नाव पुसलं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मीच सुचवलं होतं, तरी आला.

लुंबिनीने दुसरा कुंचला घेतला. लोक दारात उभे. काहींनी स्वतः स्टूल आणून दिलं. गौरवने मात्र हात आडवा धरला. बँकेत आहे, तरुण आहे.

“चाचा, मेरी मत छूना. नाम देखेंगे तो छोड़ देंगे.”

“बेटा, तेरी रही तो सामनेवाले नहीं बचेंगे.”

“तो मैं क्या करूँ? मेरे दो बच्चे हैं.”

तोही काही चूक बोलत नव्हता. तेवढ्यात त्याची बायको निधी कणकेच्या हातांनी बाहेर आली. तिने भाऊजींच्या हातातून कुंचला हिसकला. “बच्चे मास्टरजी के भी हैं, गौरव. और यह पैंट किसकी सिली हुई पहने खड़े हो?” तिने स्वतःच्या नवऱ्याचं नाव आडवं-उभं फासून टाकलं.

शेवटची पाटी अर्धी झाली होती तेव्हा ते कोपऱ्यावर आले. तीस-चाळीस असतील. सळया, हॉकीच्या काठ्या, एकाच्या हातात पेट्रोलची बाटली. लुंबिनीला मी एका दारात ढकललं. भाऊजी स्टुलावरून उतरलेच नाहीत.

एकाने पाटीला बोट लावलं. बोट पांढरं. “गीला है,” तो म्हणाला. मग सगळ्यांनी भाऊजींच्या हातांकडे पाहिलं.

“किसने पोता?”

“मैंने.”

“उनका घर कौन सा है?”

“मुझे पढ़ना नहीं आता, भैया. मैं तो रंग लगाता हूँ.”

ज्यांनी आयुष्यभर अक्षरंच काढली, ते असं म्हणाले.

“नाम क्या है तेरा?”

भाऊजींनी नाव सांगितलं नाही. दारावर एक नाव लिहिलं म्हणून ज्यांच्या बापाची पाठ मोडली, त्यांनी त्या दिवशी स्वतःचं नाव तोंडातून काढलं नाही. सांगितलं असतं तर सोडलंही असतं कदाचित. पण मग मास्टरांनाही कुणी बोलावून नाव विचारलं असतं.

लाथ बसली, स्टूल उडालं. मी मध्ये गेले तर कुणीतरी काठीच्या टोकाने माझं तोंड फोडलं. पुढचे दोन दात गेले. दोघांनी भाऊजींना ओढत नेऊन त्यांचा उजवा हात मास्टरांच्या उंबऱ्यावर दाबून धरला आणि तिसऱ्याने सळई मारली. तीनदा. पहिल्यांदा ते ओरडले. पुढच्या दोन वेळा फक्त हाडांचा आवाज आला. उंबऱ्यावर पांढरा रंग होता, त्यात रक्त मिसळलं. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, मास्टर ज़ुबैदाच्या तोंडावर हात ठेवून बसले होते, हे मला नंतर कळलं.

मग दगड. बावीसही घरांच्या काचा गेल्या. गौरवची मोटरसायकल पेटवली. कुणाचं घर कुणाचं ते त्यांना कळत नव्हतं, आणि दार फोडून चुकीचा माणूस मारायची त्यांची तयारी नव्हती. शिव्या देत गेले. पोलीस आले ते पाऊण तासाने.

मागच्या गल्लीत दहा पाट्या होत्या. तिथे भाऊजी पोचले नव्हते. बांगडीवाला सलामत तिथला. त्याच्या पाटीवर भाऊजींनी हौसेने बांगडीसारखं गोल वळण काढलं होतं. त्याला त्या पाटीखालून ओढून विटांनी ठेचलं, दुकान जाळलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

भाऊजींच्या हातात लोखंडी पट्टी घातली. तीन बोटं वाकत नाहीत.

दोन महिन्यांनी कमिटीने सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. भाऊजी म्हणाले, “शाल असू दे. आधी सलामतच्या घरी चला.” विश्वनाथराव त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलले, “चला.” मीही गेले. सलामतच्या बायकोने आतून पाटी आणून दाखवली. एक कोपरा जळलेला. ती एवढंच म्हणाली, “आपने बहुत सुंदर लिखा था.”

भाऊजी माझ्यासोबत घरी आले. जिन्यात म्हणाले, “शिवी दिली असती तर बरं झालं असतं, वहिनी. मास्टर सांगत होते हिंदीत लिहा. मी ऐकलं नाही. मला माझं अक्षर दाखवायचं होतं.”

दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार गेले. “लिखूँ क्या? और लिखूँ तो कैसे?” पहिल्यांदा असं विचारलं नव्हतं. आता प्रत्येक दारात विचारलं. ज़ुबैदा म्हणाली, “अभी नहीं, भाईसाहब.” बाकीच्या चार घरांनीही तेच सांगितलं. गौरव आधी म्हणाला, “मेरी लिख दो.” मग त्याने समोरच्या कोऱ्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाला, “अच्छा, बाद में.”

शेवटी माझ्याकडे आले. “वहिनी, तुमची?”

मला हवी होती. खूप हवी होती. म्हटलं, “राहू द्या. आधी डावा हात सुधारा. माझं नाव वाकडं नको मला.”

तर आमच्या बावीस पाट्या अजून पांढऱ्याच आहेत. कुरिअरवाला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बोंबलतो, आम्ही बाहेर येऊन आपापलं नाव सांगतो. भाऊजी रोज सकाळी गच्चीवर पत्र्याच्या तुकड्यावर डाव्या हाताने गिरवत बसतात. मराठी, हिंदी आणि ते उर्दूही. मास्टर समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालतात, बोलत नाहीत. दंगलीनंतर त्यांचं बोलणंच कमी झालंय.

काल मात्र ते कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “नुक्ता कहाँ गया, जनाब?”

भाऊजींनी कुंचला बुडवला आणि ठिपका दिला.