गोट्यांवरचं पाणी

दोंडाईच्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या नूतन मॅडम दर महिन्याला तापीवर जातात. विद्यार्थ्यांना वाटतं, मॅडम मासे बघायला जातात. पण त्यांचा जीव गुंतलाय तो नदीच्या तळाशी राहणाऱ्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या जिवांत.

धुळ्याहून नोकरीसाठी इथं आल्या तेव्हा त्या तरुण होत्या. पीएचडीला हाच विषय घेतला. त्या काळी जवळच्या एका गावाखाली तापी उथळ वाहायची. आधी गोट्यांचा लांब पट्टा, मग वाळू, आणि वळणावर काठाशी गाळ. गोट्यांखाली चपटे किडे असत, कितीही धार असो, दगडाला पोट लावून बसलेले. वाळूचे कण जोडून स्वतःपुरतं घर बांधणाऱ्या अळ्या असत. जाड वाळूत शिंपले निम्मे रुतून उभे असत. गाळात मात्र केसासारखे तांबडे किडे तेवढे. तळ बदलला की रहिवासी बदलत.

होडी त्याच गावातल्या वनाभाऊंची. ते मासे धरायचे आणि महिन्यातून एकदा मॅडमना पाण्यात न्यायचे. मॅडम माती पकडणारा लोखंडी जबडा दोराने खाली सोडत, तळाची मूठभर माती वर घेत, चाळणीत धूत. मॅडम चिमट्याने एकेक जीव उचलत तेव्हा वनाभाऊ ट्रेवर वाकून बघत. काठावर त्यांची बायको भिकुबाई भाकरी-ठेचा घेऊन बसलेली असे. "किडासले राहू द्या ताई, आधी खाई ल्या!" असं ओरडत असे.

मग नदीच्या खालच्या अंगाला बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचा बंधारा, झाला. दरवाजे बंद झाले आणि नदी थांबली. फुगलेल्या पाण्याखाली गोटे गेले, वाळू गेली आणि वर गाळ बसत राहिला. काही वर्षांतच कुठंही जबडा टाकला तरी तेच मऊ, काळं, वासाचं वर येऊ लागलं. त्यात तेच तांबडे किडे वळवळत.

"बठ्ठा गाराच शे, चिखल नुसता," वनाभाऊ म्हणत.

मॅडमची पीएचडी केव्हाच झाली होती. सोबतचे संशोधक दुसऱ्या विषयांकडे वळले. "आता तिथं नवीन काय मिळणार?" असं एकाने विचारलं, तरी त्या दर महिन्याला जातच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरी कुणी विचारायचं तरी, की आज काय सापडलं. आई गेल्यावर घरात फक्त पंख्याचा आवाज उरला.

गेल्या वर्षी भिकुबाई तापाने गेली. तेराव्यानंतर वनाभाऊ कॉलेजात आले, दारातच उभे राहिले.

"पोऱ्या सुरतले बलावस. आठे एकला राहीसन काय करू? होडी तुम्हीन वापरा."

तेव्हापासून मॅडम एकट्याच जातात. वल्हं मारायला त्या चाळिशी उलटल्यावर शिकल्या. पहिले काही महिने होडी नुसती गोल फिरायची.

यंदा हिवाळ्यात गोट्यांच्या जुन्या पट्ट्याच्या कडेला जबडा वर घेतला, तर चाळणीत काहीतरी खणकन वाजलं. शिंपला. रिकामा असेल म्हणून बोट लावलं, तर तो गप्पकन मिटला. जिवंत होता! पाठीवर वर्षागणिक वाढीच्या कितीतरी रेघा. गोट्यांच्या काळातला असावा. पिल्लू मात्र एकही नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा जबडा टाकून पाहिलं.

शिंपला हातात धरून त्यांनी मान वर केली. दोन्ही काठांवर माणूस नव्हतं. इतका आनंद झाला होता आणि तो सांगायला कुणीच नाही, हे त्यांना तेव्हा फार लागलं. त्यांनी फोन लावला.

"वनाभाऊ, शिंपला मिळाला. जिवंत."

"खरं का ताई?" मागे यंत्रमागांचा खडखडाट होता. मग ते म्हणाले, "पानीना आवाज येस का तठे? जरासा आयकाडा ना."

मॅडमनी फोन पाण्याजवळ नेला. पाणी हललंसुद्धा नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या, "मी परत लावते."

शिंपला त्यांनी होता तिथंच सोडला. मग होडी वळवून तापीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या तोंडाशी नेली, काठाला बांधली आणि नाल्यातून वर चालत गेल्या. वर थोडंसं पाणी अजून दगडांवरून वाहत होतं. त्यांनी फोन लावला आणि वाकून धारेपाशी धरला. कंबर दुखू लागली तरी धरून ठेवला. कानाला लावला तेव्हा पलीकडे फक्त माग चालू होते.

"वनाभाऊ?"

"शे, ताई. आयकू राहिनू."

तेवढ्यात तिकडे कुणीतरी वनाभाऊंना हाक मारली आणि फोन बंद झाला.

मॅडम तिथंच बसल्या. मग सवयीनं एक गोटा उचलून उलटा केला. खाली एक चपटा किडा दगडाला घट्ट चिकटून होता. त्यांनी तो नीट पाहिला, गोटा जसा होता तसा ठेवला. उन्हाळ्यात हा नाला आटतो, हे त्यांना माहीत होतं. तरी त्या पुढचा गोटा उचलायला सरकल्या.