लिंबाजीछाप

"लिंब्या, औंदा पोरीवर होऊ दे," देशमुख म्हणाला. "नवऱ्यानं टाकल्याली हाय. लई मजा येईल."

लिंब्या म्हणजे माझा बाप. धुळवडीची सकाळ होती. देशमुख गढीच्या ओट्यावर लोडाला टेकून बसलेला, खाली धुळीत बाप हलगी घेऊन उभा. बायकांच्या घोळक्यात मागं मी होते. वीस वर्षांची. मूल मेलेलं जन्मलं म्हणून नवऱ्यानं महिन्यापूर्वी हाकलून दिलेली. अजून दूध यायचं. चोळी भिजायची.

हसनाबादेजवळच्या आमच्या गावात तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि त्याच्या खाली देशमुखाचं. धुळवडीला मांगवाड्यातल्या माणसानं गावाची टर उडवायची, अशी रीत होती. वाणी, भटजी, पाटील, कुणालाही सोडायचं नाही. पण आधी स्वतःच्या घरच्या माणसावर बोलायचं. तिथं ओटा हसला तरच पुढची मुभा. आई होती तोवर दरसाल आईवर व्हायचं. ती पदर तोंडात कोंबून ऐकायची. आई मेली आणि जागा रिकामी झाली.

बापाची बोलणी साधी नव्हती. त्यात एक राजा होता. तो सात गावांची ज्वारी खायचा. त्यानं ढेकर दिली की जालन्याच्या टेसनातली आगगाडी मागं सरकायची. त्याचं पोट ओढायला सात बैल लागायचे. आणखीही पुष्कळ होतं, ते ऐकून म्हातारे धोतराचा सोगा तोंडाला लावून लोळायचे. कुणी असं अचकट आणि अफाट बोललं की पंचक्रोशीत म्हणायचे, हे लिंबाजीछाप. अंबडच्या बाजारात मी एकदा दोन टोपीवाल्यांना ऐकलं. "वकीलसाहेब, आज बिलकुल लिंबाजीछाप बोलून राह्यले तुम्ही!" दोघं खदखदा हसले. तेवढ्यात बाप शेजारून गेला, तसं विटाळ नको म्हणून त्यांनी अंग चोरलं. माझ्या बापाला "जी" मिळाला तो त्या एका शब्दात. समोर तो लिंब्याच.

आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं माझं होतं. बापाला लिहिता येत नव्हतं, मलाही नाही. तो केरसुण्या वळता वळता बोलायचा, मी शिंदीची पानं चिरता चिरता ध्यानात ठेवायची. अडला की मी जोडून द्यायची. आगगाडी त्याची. सात बैल माझे.

बापानं माझ्याकडं पाहिलं नाही. हलगीवर थाप दिली.

"माझी पोरगी एवढी भारी, एवढी भारी, की तिला माघारी आणून सोडाया जावयानं सात बैल जुंपले! सहा वाटंत मेले. सातव्यानं पोरीसंग पाट लावला!"

ओटा फुटला. देशमुखाच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याच वाड्यातल्या बायका हसल्या. आणि मी हसले. होय, मीसुद्धा. थाप बरोबर जागेवर पडली होती, म्हणून सवयीनं हसू आलं. मग कळलं, आपण कशावर हसलो. बैल माझे आणि जुंपली मलाच. माझ्या तोंडाची मला किळस आली.

"अजून एक!" देशमुख ओरडला. "त्या मेल्या लेकराचं घे!"

बापानं तोंड उघडलं. तो बोलला असता. जुळवत होता, मला त्याचं जुळवणं ओळखू येतं.

मी पुढं गेले आणि हलगीवर हात ठेवला. "बस झालं, बा."

"बाजूला हो," देशमुखाचा कारभारी खेकसला.

"घरचं झालं," मी देशमुखाकडं बघत म्हणाले. "आता गावचं. सरकारपासून सुरू करते."

आणि सुरू केलं. "तहसीलदार आला की आपलं सरकार एवढं वाकतं, एवढं वाकतं, की सात बैल जुंपल्याबिगर कंबर सरळ व्हत न्हाई!"

कुणी हसलं नाही. पहिला फटका मारला तो माझ्या बापानं. माझ्या थोबाडीत.

"पाय धर सरकारचे! जल्दी!" बाप ओरडला.

"न्हाई धरत."

मग कारभाऱ्याच्या माणसांनी दोघांना मारलं. हलगी फाडली. घरी आल्यावर बाप रडला. म्हणाला, "हसण्यावारी न्यायचं अस्तं, पोरी. तेवढ्यावर आपली भाकर हाय."

मी म्हणाले, "माझं लेकरू हसण्यावारी न्यायचं न्हाई."

पुढच्या साली गढीवरून पुन्हा बोलावणं आलं. बाप निघाला. मी त्याला सांगितलं, मी जुळवलेलं एक अक्षर तिथं बोलायचं नाही. तो तिथं उभा राहिला आणि अडला. लोक त्याच्या अडण्यावर हसले. मी आमच्या दारात बसून ते हसणं ऐकत होते. बाप होता तो. तरी उठले नाही.

मी अजून जुळवते. आईवर, बापावर, टाकलेल्या बाईवर, मेलेल्या लेकरावर माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही, मग समोर कुणी का बसलेला असेना. निघेल तो ओट्यावरच्यांवर. तिथं उभं राहून, त्यांच्या तोंडावर. हसायचं की मारायचं ते त्यांनी ठरवावं. मी आधी मुभा मागणार नाही.