खंड्या परळला गेला तेव्हा

माण तालुक्याच्या माळावरून निघालेला टेम्पो सकाळी परळला पोचला. मागे कांद्याची पोती, पोत्यांवर मेंढपाळ बापू आणि त्याच्या मांडीवर खंड्या. खंड्या हा राखणीचा कुत्रा. लांडग्याने त्याची मागची मांडी फाडली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी परळच्या जनावरांच्या दवाखान्याकडे बोट दाखवले होते.

मी त्या माळावर बातमीसाठी गेलो होतो, तिथूनच यांच्याबरोबर निघालो. तिथल्या वाड्यांनी (मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामांनी) आपसांत एक ठरवले आहे. लांडग्याने मेंढरू मारले तरी मढ्यावर विष टाकायचे नाही. विषाने पूर्वी त्यांचीच कुत्री मेली होती. त्याऐवजी रात्री सगळी मेंढरे एकाच वाघरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडायची आणि चांगल्या कुत्र्याची पिल्ले वाटून घ्यायची. खंड्या जखमी झाल्यावर नाम्या नावाच्या तरण्या मेंढपाळाने पुन्हा विषाचा विषय काढला. वडीलधाऱ्यांनी निर्णय खंड्या परतेपर्यंत थांबवला.

शस्त्रक्रिया नीट झाली. "जखम भरेल, पण त्यानं खायला हवं," डॉक्टर म्हणाल्या.

मुक्काम लालबागला, बापूची बहीण जना हिच्या चाळीतल्या खोलीत. टॅक्सीवाल्याने खंड्याकडे पाहून विचारले, "कुत्रा आहे की अस्वल?" अस्वलाचे भाडे वेगळे नाही ना, याची खात्री करून आम्ही बसलो.

दुपारी शेजारणीने कोळंबीचे कालवण पाठवले. बापूने एक कोळंबी बोटांत धरून निरखली.

"हे किडं का खायाचं?"

"हळू बोल रे दादा. मालवणची आहे ती, ऐकलं तर उद्यापासून वाटी बंद," जना म्हणाली.

मी दोनदा वाढून घेतले. खंड्याने मात्र दूध, मटण, भाकरी कशालाच तोंड लावले नाही. भिंतीकडे तोंड करून तो पडून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. बापूचेही जेवण सुटले. शेवटी त्याने बायकोला, हिराबाईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"घोंगडं टाक की त्याच्यापाशी," ती म्हणाली.

"टाकलंय."

"मग खाईना कसा?" मग तिने विचारले, "धुतलंस का काय ते?"

"जनाकडं यायचं, म्हणून रिठ्यानं..."

"नवरदेवच की. आरं, मेंढरांत वाढलेलं जनावर ते. मेंढराचा वास न्हाई, त्याला वाटतंय आपला कळपच गेला."

जनाचा नवरा रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला आहे. वखारीमागे सलीमभाई बकऱ्या पाळतात, असे त्याने सांगितले. मेंढरे नाहीत तर बकऱ्या, असे म्हणून संध्याकाळी हातगाडीवर पोते अंथरून आम्ही खंड्याला तिकडे नेले.

सलीमभाई दारातच आडवे उभे राहिले. "काटेगा क्या?"

"बकरीला न्हाई," बापू म्हणाला. "तुमचं सांगत न्हाई."

सलीमभाई हसले आणि बाजूला झाले. लाकडाच्या भुशावर बकऱ्या बसल्या होत्या. खंड्याच्या नाकपुड्या हलल्या. तो गाडीवरून घसरत उतरला, तीन पायांवर त्यांच्यात गेला आणि आडवा झाला. एका बकरीने त्याची पट्टी हुंगली आणि ती त्याला टेकून बसली. बापूने भाकरी पुढे केली. खंड्याने ती खाल्ली, मग दुसरीही. तेवढ्यात रस्त्यावरचा एक कुत्रा दारात डोकावला. खंड्या उठला. चौथा पाय त्याने पहिल्यांदाच जमिनीला टेकवला.

टाके निघेपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच राहिला. सलीमभाई त्याला पाहुणा म्हणत आणि बकऱ्यांच्या आधी पाणी देत.

माळावर परतलो तेव्हा बैठक भरली होती. खंड्या लंगडत मेंढरांभोवती एक फेरी मारून आला.

"लंगडा राखणार व्हय?" नाम्याने विचारले.

"लंगडा का झाला ते इचार. तुझ्याच मेंढरापायी," हिराबाई म्हणाली.

नाम्याने वाकून खंड्याच्या मांडीवरची जखम पाहिली. मग म्हणाला, "याच्या पिल्लांतलं एक मला द्या. मग बघू."

"देते. पण मेंढरांत ठेवायचं. खाटंवर न्हाई."

विषाचा विषय त्या दिवशी पुढे गेला नाही. नाम्याचा राग गेला, असे मी लिहिणार नाही. लांडगे त्या माळावर आहेत आणि राहतील. त्यांच्याशी जमवून घ्यायचे तर आधी माणसांचे आपसांत जमावे लागते, आणि ते एका बैठकीत संपत नाही. मी निघालो तेव्हा नाम्या हिराबाईला विचारत होता, पिल्लू दूध कधी सोडते.