तीन बोटांचं माप

भानामती, करणी, झपाटलेलं झाड... बातमीदार म्हणून अशा हकिगतींमागे मी पुष्कळ फिरलो. प्रत्येक वेळी शेवटी कुणीतरी माणूसच सापडला. त्यामुळे या विषयावरची माझी मतं ठरलेली होती आणि आजही ती फारशी हललेली नाहीत. खाली लिहितो आहे ते मात्र माझ्याच पायाच्या बाबतीत घडलं, आणि त्यात माणूस सापडला नाही.

१९६५ साली कोल्हापुरातल्या एका दैनिकाची नोकरी सोडून मी छपाई शिकायला हॅम्बुर्गला गेलो. शिकून झाल्यावर तिथल्याच छापखान्यात नोकरी लागली आणि एकूण बारा वर्षं तिकडेच गेली. पाचव्या वर्षी कागदाचं रीळ डाव्या पायावर आलं. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. हे मी घरी कळवलं नाही. आईचा मला पाठवायलाच विरोध होता. हे कळलं असतं तर तिने अंथरूण धरलं असतं. पत्रातून थंडीबद्दल लिहीत राहिलो, बोटांबद्दल नाही. एक पत्र टळलं, दुसरं टळलं... मग लपवलं हेच बोटांपेक्षा मोठं होऊन बसलं.

१९७७चा मे महिना. मंगळवार पेठेतल्या आमच्या दारात आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. लांबून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं आणि मग आत घ्यायचं, ही आमच्याकडची रीत.

"बूट काढ," आई म्हणाली.

मी काढले नाहीत.

"मग घे तसाच," म्हणून तिने बुटांवरच तांब्या रिकामा केला. गल्ली हसली. मीही हसलो – बारा वर्षांत तसा हसलो नव्हतो.

पुढचे दोन दिवस घरात माणसांची रीघ होती. ताटात पांढरा रस्सा, पायात मोजे.

"काय रं वसंता, पाय तिकडंच ठिवून आलास काय?" थोरली बहीण, अक्का, म्हणाली. "ह्या उन्हात मोजं घालून कोण बसतंय?"

"सवय लागलीय."

"आई, ह्याला आंघोळीलाबी मोजं दे गं."

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "चल, तुझं पायताण झालंय. तू यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं." वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले.

आमच्या घरातल्या चपला चार गल्ल्या पलीकडच्या एकाच दुकानातून येत. कारागीर गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचा, पावलाभोवती पेन्सिल फिरवायचा आणि तो कागद गठ्ठ्यात बांधून ठेवायचा. पुढच्या वेळी नुसता निरोप पुरे. माझं माप जाण्याआधीच्या उन्हाळ्यात बाळूमामांनी घेतलं होतं. ते आता हयात नव्हते. दुकान त्यांचा मुलगा शंकर बघत होता.

"या पावणं," शंकर मला म्हणाला. मग अण्णांकडे वळला. "मास्तर, आदी एक सांगतो. डावं पायताण जरा येगळं झालंय. म्या मापापरमानंच केलंय. बसलं न्हाय तर दुसरं देतो, पर रागावू नगा."

डाव्या चपलेची बाहेरची बाजू पुढे जाऊन तिरकी आत वळली होती. मी फळीवर बसलो.

"अरे शंकर, कापलंस की ते," अण्णा म्हणाले. "बारा वर्षांनी पोरगं आलंय, धड पायताण तरी दे."

शंकरने गठ्ठा सोडून कागद पुढे ठेवला. पिवळा पडलेला. वरच्या कोपऱ्यात माझं नाव, माझ्याच अक्षरात. उजव्या पावलाला पाच बोटं, डाव्याला तीन. तिसऱ्या बोटानंतर पेन्सिलीची रेघ सरळ तिरकी खाली उतरली होती. खोडल्याची खूण नव्हती.

आता मोजा काढण्यावाचून इलाज नव्हता. काढला. डावं पाऊल कागदावर ठेवलं. रेघ व्रणाच्या कडेकडेने गेली होती.

शंकरने चप्पल उचलून पायात सरकवली. नवं कोल्हापुरी पायताण आठवडाभर चावतं. हे चावलं नाही.

"कधी झालं?" अण्णांनी विचारलं.

"सात वर्षं झाली."

"दुखतंय?"

"न्हाई."

"चालून दाखव."

बुटात कापूस कोंबून सात वर्षं मी किंचित लंगडत होतो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. दोन्ही चपला सारख्या कुरकुरल्या.

"सरळ चालतोयस की लेका," अण्णा म्हणाले आणि दुकानाच्या पायरीवर बसून हसायला लागले. मग डोळे पुसून म्हणाले, "आईला आज सांगायचं. मी नाही... तू."

जेवणाआधी सांगितलं. आईने पाय मांडीवर घेतला. बराच वेळ नुसता धरून बसली. मग पाठीत दोन धपाटे घातले.

"सात वर्सं थंडीचं लिवत हुतास व्हय रं?"

रडली, चप्पल उलटीपालटी करून बघितली, आणि अक्काला म्हणाली, "शंकरला जेवायला बोलीव." त्या दुपारी आमच्याकडे सणासारखी पंगत बसली. मी अनवाणी वाढत होतो.

नंतर चौकशी केली. माझ्या नावाचा दुसरा कागद गठ्ठ्यात नव्हता. अपघाताचं कोल्हापुरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळूमामांनी त्याच मापावरून केलेला माझा जुना जोड आईने ट्रंकेत ठेवला होता. त्याच्या डाव्या तळव्यावर पाच बोटांचे खळगे स्पष्ट आहेत. म्हणजे तेव्हा कागदावर पाच बोटं असलीच पाहिजेत... शंकर शपथेवर सांगतो, त्याने पेन्सिल लावली नाही. मला तो खोटा वाटत नाही.

पुढे एकदा मी आईलाच विचारलं, तुला काय वाटतं, हे कसं झालं असेल?

"कसं ते तू हुडीक," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "तुला सांगाया जमत नव्हतं, कुणीतरी सांगितलं. माजं तेवढ्यावर भागलं."

माझं भागलेलं नाही. उत्तर अजून मिळालेलं नाही.