तोरणाखाली थांबलेली गोष्ट

दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेत, स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. "बाई, निघ तू. बाबा गेले वं," एवढंच तो बोलला आणि फोन वहिनीच्या हातात दिला. नागपूरहून वर्ध्याची बस धरली. सेलू गेलं, पवनार आलं. पवनारजवळ रस्त्याला लागूनच आमचं वावर आहे. बाबा सोबत असले की दर खेपेला खिडकीतून बोट दाखवून सांगायचे, "हे आपलं." जशी काही मी पाहुणीच! त्या दिवशी सवयीनं मान वळली, वावर मागे गेलं, आणि शेजारून कोणी काही बोललं नाही. बाबा गेले हे मला तिथे कळलं. पुढे नालवाडीच्या घरापर्यंत मी रडतच गेले.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. बाबा काही मोठे नावाजलेले नव्हते. जन्मभर कपाशी नि तूर पिकवली, म्हातारपणी दादाच्या आग्रहाखातर पवनार सोडून नालवाडीला राहायला आले आणि इथेही अंगणात वांगी लावून बसले. आई गेली तेव्हा मी नुकती पावलं टाकायला लागले होते. आम्हा दोघा भावंडांना आत्यानं वाढवलं. आईचा फोटो म्हणाल तर लग्नातला एक, त्यातही पदर नाकापर्यंत ओढलेला. तिच्याविषयी बाबा चकार शब्द बोलत नसत. विषय निघाला की बैलांना पाणी दाखवायला उठायचे. पुढे बैल विकले, तरी उठायचे.

मी पन्नाशीला आले, स्वतःची मुलं मोठी झाली, आणि ही भूक कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली. ती हसायची कशी, रागवायची कशी, माझ्यासारखी बोलघेवडी होती की दादासारखी घुमी... काहीच माहीत नाही. आत्या तिचं नाव काढलं की डोळे पुसत विषय बदलायची, आणि मामा तेव्हा इतका लहान की त्यालाही ती धड आठवत नाही. मग मी एक युक्ती काढली. "बाबा, आपल्या घरातले सणवार, रीतिरिवाज, जुन्या आठवणी, सगळं तुम्ही सांगा, मी फोनमध्ये भरून ठेवते. नातवंडांना उपयोगी पडेल," असं म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण मला त्या सगळ्यातून एकच हवं होतं, आई. बाबांनाही ते कळलं असावं. पण कळल्याचं दाखवतील तर ते बाबा कसले!

पहिल्या रविवारी ते धुतलेला सदरा नि टोपी घालून खुर्चीवर ताठ बसले. मी फोन पुढे ठेवला आणि विचारलं, "बाबा, तुमचं लहानपण कसं होतं?"

"सगळ्याइचं असते तसं."

"आणि लग्न कसं झालं?"

"झालं बाप्पा. सगळ्याइचं होते तसं." आणि उठले. वांग्यांना पाणी घालायचं राहिलं होतं म्हणे.

मग मी वाट बदलली. प्रश्न विचारणंच सोडलं. लहानपणी ओसरीत बसून सांगायचे तशी एखादी गोष्ट सांगा म्हटलं. तर म्हणाले, "दिवसा गोष्ट सांगतली तं मामा वाट चुकते. तुया मामा आज सेलूवरून यून राह्यला. चुकला म्हंजे मंग तूच जाजो धुंडाले." मामा दुपारी सुखरूप पोचला, जेवला, झोपला. तरी उजेड असेपर्यंत बाबांनी तोंड उघडलं नाही. दिवेलागण झाली, तुळशीपाशी दिवा लागला, तेव्हा कुठे खाटेवर मांडी घालून त्यांनी सुरुवात केली.

मी मान हलवत गुपचूप ऐकत होते. माझा आवाज मधे मधे नको, त्यांचाच स्वच्छ भरला जावा, असा माझा शहाणपणा. दोन वाक्यं झाली आणि बाबा थांबले. "हुंकार दे ना वं! मी का भिताडाले सांगून राह्यलो?" मला एकदम आठवलं. आमच्याकडे गोष्ट ऐकायची तर दर वाक्याला 'हं' म्हणावं लागतं. ऐकणारा 'हं' म्हणेल तोवर गोष्ट चालेल. हुंकार थांबला की सांगणारा जिथे असेल तिथे थांबतो, मग राजा अर्ध्या विहिरीत लटकत राहिला तरी चालेल. मी 'हं' म्हटलं आणि बाबांचा गाडा चालू लागला. तिथून पुढे प्रत्येक रविवारी संध्याकाळी तो चालतच राहिला. त्यांच्या आजोबांनी धाम नदीच्या पुरात म्हशीची शेपटी धरून पैलतीर कसा गाठला, महालक्ष्म्यांच्या जेवणात आंबील का लागते, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आमंत्रण कसं द्यायचं. सगळं आलं. आई तेवढी आली नाही. मी घरी जाताना बसमध्ये चिडायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचे.

एका संध्याकाळी, मी काही न मागता, त्यांनी गोष्ट काढली. "एक होती बाई."

"हं."

"तिले बैलाचं लय भेव. पोयाले पुरणपोयी चारा लागे, तं ते दूर उभी राहून सुपावर ठेवून ढकले. नवरा हासे."

"हं." मीही हसले.

"मंग तिनं जिद धरली. रोज थोडी थोडी जवळ जाये. वर्षभरात असं झालं का बैल नवऱ्याचं आयकेना, तिचं आयके."

"हं."

"मंग एका पोयाले नवऱ्याले ताप भरला. अंथरुणातून उठता ये ना. गावात तोरण बांधलं, वाजंत्री वाजून राह्यली, साऱ्याइच्या जोड्या गेल्या. याइच्या दावणीलेच. आता बाईमाणूस पोयात बैल नेते काय? कोणी पाह्यलं नव्हतं. पण ते उठली. बैल धुतले, शिंगं रंगवली, झूल घातली, आन् निंघाली."

"हं..."

"तोरणाखाली जाऊन उभी राह्यली माणसाइच्या रांगेत. सारा गाव पाहून राह्यला. एका हातात कासरा, आन् काखेत लेक. लाल फराकातली. ते लेक बैलाचं शिंग धरून खिदळून राह्यली..."

लाल फ्रॉक. आत्यानं तो जपून ठेवला होता, माझ्या मुलीच्या बारशाला दाखवला होता. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, तुळशीकडे पाहत होते. पन्नास वर्षं ज्या बाईला मी शोधत होते ती कासरा धरून माझ्यासमोर उभी होती आणि मी तिच्या काखेत होते. मला हुंकार द्यायचा होता. शपथेवर सांगते, द्यायचा होता. पण तोंडाला पदर दाबून मी रडं आवरत राहिले. बाबा थांबले. मग उठून हळूच आत गेले.

पुढच्या रविवारी मी लाज सोडून विचारलं, "बाबा, तोरणाखाली पुढे काय झालं? लोक काय म्हणाले तिला?"

"सांगीन ना. पोयाची गोष्ट पोयाले. येऊ दे पोया," म्हणाले, आणि मला वाटलं, ते चक्क लाजले. किती वर्षांनी बायकोचं कौतुक लेकीपुढे करायचं होतं, त्याला सणाचा मुहूर्त हवा असेल. मीही घाई केली नाही. त्या दिवसांत बाबा भलतेच खुशीत असत. आषाढात साधा ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं.

तेराव्याला मी मामाला विचारलं. तो म्हणाला, "नेले होते बैल, आयकलं होतं बाप्पा. पण मी कुठं होतो तिथं? पुढचं तुया बापालेच माहीत." पवनारात शोधलं तर एखादं जुनं माणूस सापडेलही. पण मला ती गोष्ट कोणाकडून नको. बाबा तिच्याकडे कसे पाहत होते हे गावाला काय ठाऊक? पण बाबा तरी तोरणाखाली कुठे होते? तापात होते ना ते! मग त्यांना ती गोष्ट कोणी सांगितली? बहुधा तिनंच, घरी येऊन, त्यांच्या उशाशी बसून. आणि त्यांनी 'हं, हं' करत ऐकली असेल. हे माझ्या आता आता लक्षात येतं.

परवा पोळा झाला. यंदा आमच्याकडे सण नाही. मी नालवाडीला गेले होते. दिवेलागणीला बाबांच्या खाटेवर बसून फोनमधली ती गोष्ट लावली. आजवर हिंमत झाली नव्हती. सुपावरची पुरणपोळी आली, ताप आला, तोरण आलं, लाल फ्रॉक आला. मग शांतता. त्या संध्याकाळी माझ्या कानांत माझंच रडं भरलेलं, मला काही ऐकू आलं नव्हतं. पण फोननं ऐकलं होतं. बाबांचा श्वास येतो, खाट करकरते, आणि मग अगदी हलक्या आवाजात, लहानपणी ओसरीत विचारायचे तसंच, ते विचारतात, "झोपली का वं, माय?"

"नाई बाबा," मी म्हणाले, "जागीच आहो. सांगा ना."