उखाण्यांच्या दिवशी अडलं वाय-फाय

राळेगावपासून नऊ किलोमीटरवरच्या सावरखेडीत रुपाली ताकसांडेला सगळे वायरमनबाई म्हणत. आयटीआय करून ती सव्विसाव्या वर्षी वीज कंपनीत लागली आणि त्याच महिन्यात चौकातल्या खांबावर चढली. खाली अर्धं गाव गोळा झालं. बाई पडते का उतरते, याच्यावर पैजा लागल्या. रुपालीनं वरूनच आवाज दिला, "खाली उभे नका राहू, पक्कड पडंल!" आणि पक्कड खरंच पडली. बाई मात्र पडली नाही. या गोष्टीला आठ वर्षं झाली. आता लाइट गेली की लोक आधी रुपालीला फोन करतात, मग कंपनीला.

तिच्याकडे एक जुना लॅपटॉप होता. यवतमाळच्या दुकानातून स्वस्तात आणलेला, दहा वर्षं वयाचा. तो सुरू होईपर्यंत दोन भाकरी थापून व्हायच्या. तिचा मामेभाऊ अतुल आयटीआयमध्ये शिकवतो, त्यानं त्यावर लिनक्स टाकून दिलं आणि लॅपटॉप एकदम तरणाबांड झाला. रुपालीला लिनक्स आवडलं ते वेगळ्याच कारणानं. बिघाड झाला की ते तोंड लपवत नाही. काळी खिडकी उघडली, की काय झालं, कुठं अडलं, ते ओळीनं लिहून दाखवतं. फॉल्ट शोधणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे?

घरात दुसरी हुशार बाई म्हणजे तिची सासू, कांताबाई. वय चौसष्ट, आणि उखाणे तोंडात असे भरलेले की बारशाला गेली तर पाळण्यातलं पोर बाजूला राही आणि बाया कांताबाईभोवती बसत. यवतमाळच्या एका महिला मंडळानं जिल्ह्याची ऑनलाइन उखाणा स्पर्धा ठेवली, तेव्हा रुपालीनं सासूचा उखाणा मोबाइलवर टिपून पाठवून दिला, तोही न सांगता. दीडशे बायांतून अकरा निवडल्या, त्यांत कांताबाई! अंतिम फेरी रविवारी सकाळी अकरा वाजता, थेट कॅमेऱ्यासमोर.

आणि गुरुवारी रुपालीचा मोबाइल खांबावरून पडला. पडदा तडकला, पण चालत होता. कॅमेरा तेवढा कायमचा मिटला. नवरा राजदीप आपला मोबाइल घेऊन हिंगणघाटला ट्रकमधला माल उतरवायला गेलेला, आणि सासरे बळीराम यांच्याकडे बटणांचा फोन, आळीतल्या बायांकडेही तसलेच. राहिला लॅपटॉप. मोबाइलचं नेट घरात धड येत नव्हतं, पण मंगळवारीच फायबरची लाइन घेतली होती, कोनाड्यात नवाकोरा राउटर लुकलुकत होता. रुपाली निर्धास्त होती.

रविवारी दहा वाजता कांताबाई नवं जांभळं लुगडं नेसून पलंगावर बसल्या. दारात चपलांचा ढीग पडला. आळीतल्या चौदा बाया आत, दोन खिडकीत. रुपालीनं लॅपटॉप उघडला, वाय-फायच्या यादीत आपल्या घरचं नाव बघितलं, पासवर्ड टाकला. चक्र फिरलं, फिरलं, आणि पुन्हा पासवर्ड विचारलं.

"मामाजी," तिनं सासऱ्यांना हाक मारली, "राउटरच्या बुडाशी चिठ्ठी चिकटवलेली हाये, वाचा बरं."

बळीरामांनी चष्मा लावून राउटर उलटा धरला. "मोठा के. लहान टी. सात. गोल."

"गोल म्हणजे शून्य का ओ?"

"गोल म्हणजे गोल!"

"बारीक गोल का लांबट गोल?"

"अंड्यासारखं हाये, बाई."

बाया खिदळायला लागल्या. रुपालीनं डोळ्याच्या चित्रावर क्लिक करून टाकलेली अक्षरं उघडी केली आणि एकेक जुळवलं. सगळं बरोबर. चक्र पुन्हा फिरलं आणि पुन्हा तोच प्रश्न. मग तिनं तोच पासवर्ड फुटक्या मोबाइलला दिला. मोबाइल चटकन जोडला गेला.

"म्हणजे लाइन चालू हाये, राउटर चालू हाये, पासवर्ड बी खरा हाये," ती मोठ्यानं म्हणाली. खांबावर असताना ती असंच बोलायची. "फॉल्ट लॅपटॉप अन् राउटरच्या मधात हाये."

"मधात तं काहीच नाई वं," खिडकीतली बाई म्हणाली. "नुसती हवा हाये."

"मंग हवेत फॉल्ट हाये!"

पुन्हा हशा. कांताबाईही हसल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "रुपाली, कायले एवढी मरमर करतं? नाई जमलं तं नाई. मी इथंच नाव घेतो नं, ह्या बायाइले ऐकवतो."

"आई, दीडशे बायाइतून तुम्ही निवडल्या. आज यवतमाळ तुमचं नाव ऐकंल म्हणजे ऐकंल. पाणी प्या."

दहा वाजून वीस मिनिटं. तिनं जतन झालेली जुनी जोडणी पुसून नव्यानं केली. तोच प्रश्न. लॅपटॉप बंद करून चालू केला. तोच प्रश्न. दहा पस्तीस. आता तिला तो जुना आनंद व्हायला लागला, जो अवघड फॉल्टच्या वेळी नेहमी होतो. फॉल्ट म्हणजे अंधारातला उंदीर, दिसत नाही, पण कुरतडताना ऐकू येतो.

तिनं काळी खिडकी उघडली. बाया पुढं वाकल्या. एक ओळ लिहून तिनं आसपासच्या सगळ्या वाय-फायची यादी मागवली. दोनच नावं आली. एक ग्रामपंचायतीचं, एक घरचं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात हाच लॅपटॉप मागच्या महिन्यात विनातक्रार जोडला होता. मग तिथं काय वेगळं? तिनं दोन्ही ओळींवर एकाखाली एक बोट फिरवलं, दोन खांबांची जोडणी ताडून बघावी तसं. सिग्नल घरचाच जास्त. वेग घरचाच जास्त. शेवटच्या रकान्यात सुरक्षेचा प्रकार लिहिला होता. ग्रामपंचायतीच्या ओळीत डब्ल्यूपीए दोन, आणि घरच्या ओळीत डब्ल्यूपीए तीन.

"सापडलं!" रुपाली एवढ्यानं ओरडली की बळीरामांच्या हातातला राउटर पडता पडता वाचला.

"काय सापडलं?"

"मामाजी, राउटरले कुलूप लावलं हाये नव्या तऱ्हेचं, तिसऱ्या नंबरचं. आपल्या लॅपटॉपचं कार्ड पुरानं, त्याच्यापाशी दुसऱ्या नंबरचीच किल्ली. पासवर्ड खरा असून बी त्याले कुलूपच समजून नाई राह्यलं, म्हणून पुन्हा पुन्हा विचारून राह्यला बिचारा!"

"मंग आता?"

"कुलूप बदलू."

मोबाइल राउटरला जोडलेलाच होता. तडकलेल्या काचेवरून, अर्धी अक्षरं अंदाजानं ओळखत, तिनं राउटरचं आतलं, सेटिंगचं पान उघडलं. सुरक्षेच्या खान्यात तिसरा प्रकार एकटाच निवडलेला होता. त्याच्या खाली 'दोन आणि तीन दोन्ही' असा पर्याय होता. बोट नेमकं तडकलेल्या जागी येत होतं. एकदा दाबलं, नाही. दोनदा, नाही. तिसऱ्यांदा तिनं पदरानं काच पुसली आणि दाबलं.

राउटरचे सगळे दिवे विझले.

"मारून टाकलं वं पोरीनं!" कोणीतरी किंचाळलं.

"आपसूक बंद होऊन आपसूक चालू होते," रुपाली म्हणाली, पण तिनंही दिव्यांवरची नजर काढली नाही. दहा एकावन्न. एक दिवा लागला. सगळ्या बाया एकसुरात मोजू लागल्या. दोन! तीन! चौथा लागेना. बळीरामांनी राउटरकडे वाकून, तापलेल्या लेकराला बोलावं तसं म्हटलं, "चाल नं बावा." चौथा लागला.

रुपालीनं लॅपटॉपवर पासवर्ड टाकला. चक्र फिरलं, थांबलं, आणि कोपऱ्यातले वाय-फायचे तीनही पट्टे भरून आले. खोलीत असा काही कल्ला झाला की बाहेरची बकरी दावं तोडून पळाली. तिला धरायला दोन बाया धावल्या आणि त्यांची पडद्यासमोरची जागा कायमची गेली.

अकराला दोन मिनिटं कमी असताना कांताबाई यवतमाळला दिसल्या. मंडळाच्या अध्यक्ष शीलाताईंनी नाव पुकारलं. कांताबाईंनी पदर सारखा केला आणि खणखणीत म्हटलं,

"तुरीच्या शेंगा उकडल्या, मीठ टाकलं बेतानं,
बळीरामराव धावत येते वास घेत शेतानं!"

दुसऱ्या फेरीत आयत्या वेळी उखाणा रचायचा होता, घरातल्या नव्या वस्तूवर. बाकीच्यांनी मिक्सर घेतला, फ्रीज घेतला. कांताबाईंनी क्षणभर सुनेकडे पाहिलं.

"वाय-फायले कुलूप भारी, किल्ली होती जुनी,
बळीरामरावांच्या घरची सून मोठी गुणी!"

आता रुपालीला लॅपटॉपमागे उभं राहणं अवघड झालं. डोळे पुसावेत तर सगळ्या बाया तिच्याकडेच बघत होत्या.

पहिला नंबर पांढरकवड्याच्या बाईंचा आला आणि दुसरा कांताबाईंचा. दुसरा ऐकून खोलीत जो आरडाओरडा झाला, त्यात पांढरकवड्याच्या बाईंना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. शीलाताई हसत म्हणाल्या, "अहो, ज्यांचं नाव दोनदा घेतलं ते बळीरामराव आहेत कुठं? दाखवा ना आम्हाला."

बळीराम दाराकडे सरकले. दारात बाया होत्या. खिडकीतही बाया होत्या. शेवटी त्यांना आणून कॅमेऱ्यासमोर बसवलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि जमिनीकडे पाहून म्हटलं,

"बैलगाडीले दोन बैल, फटफटीले लागते किक,
कांता जिथं बसंल, तिथं मी बी ठीक!"

खोलीत कोणाचंच कोणाला ऐकू येईना. यवतमाळहून टाळ्या येत होत्या, पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांत बाया हसून हसून वाकल्या होत्या. कांताबाईंनी तोंडावर पदर ओढला तो ओढलाच, आणि आतून "अवं माय, अवं माय" एवढंच येत राहिलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. हिंगणघाटहून राजदीप विचारत होता, "काय झालं वं? जिंकलं का कोणी?"

रुपालीनं भिंतीला पाठ टेकली. हसू आवरेना.

"तुमचे बाबा," ती कशीबशी म्हणाली.